आठ ओळींचा हिशेब



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधले दोन महिने दुपारचा वेळ शेजारच्या दहावीतल्या तीन मुलांनी घेतला. संभाव्यतेचं प्रकरण अडलं होतं. बी.ए.ला संख्याशास्त्र होतं आणि शाळेत जन्मभर गणितच शिकवलं, त्यामुळे खडू हातात घ्यायची हौस सत्तरी उलटली तरी फिटलेली नाही!

या प्रकरणात सूत्र एकच. हव्या त्या निष्पत्ती वर लिहा, एकूण निष्पत्ती खाली लिहा आणि भागा. ते मुलांना पाठ असतं. गाडी अडते ती मोजताना. ‘नमुना अवकाश’ हा शब्द इतका भारदस्त, की त्याचा अर्थ ‘काय काय होऊ शकतं त्याची संपूर्ण यादी’ एवढाच आहे, हे कुणाला खरंच वाटत नाही.

दोन नाणी फेकली. काय काय होईल? मुलगा चटकन म्हणाला, “दोन्ही छापे, दोन्ही काटे, नाहीतर एकेक. म्हणजे तीन. म्हणून दोन्ही छापे पडण्याची संभाव्यता एक तृतीयांश.” उत्तर चूक, पण मी रागावले नाही. कारण द’आलांबेर या मोठ्या फ्रेंच गणितज्ञानेही असंच केलं होतं. दिदरोबरोबर तो ज्या विश्वकोशाचं संपादन करत होता, त्यात १७५४ साली त्याने लिहिलं, की दोन फेकींत किमान एकदा छापा पडण्याची संभाव्यता दोन तृतीयांश. त्यानेही शक्यता तीनच मोजल्या आणि तिन्ही सारख्याच वजनाच्या धरल्या. खरं उत्तर तीन चतुर्थांश.

मी त्या मुलाच्या हातात एक रुपयाचं आणि पाच रुपयांचं अशी वेगवेगळी नाणी दिली. आता रुपयाचा छापा आणि पाचाचा काटा हे एक, रुपयाचा काटा आणि पाचाचा छापा हे दुसरं. ‘एकेक’ दोन वाटांनी येतं, हे त्याचं त्यालाच दिसलं. एकूण चार निष्पत्ती, म्हणून दोन्ही छाप्यांची संभाव्यता एक चतुर्थांश. दोन फाशांचंही तसंच. छत्तीस चौकटींचा तक्ता काढला, की बेरीज बारा एकाच चौकटीत सापडते आणि बेरीज सात सहा चौकटींत. सूत्र न सांगताही कळतं, की सात सारखे का येतात.

हे सगळं परीक्षेतल्या तीन-चार मार्कांचं, असं वाटेल. पण खरं सांगायचं ते पुढेच आहे. भाचीला विचारूनच लिहिते आहे.

तिला दोन मुली. धाकटीच्या वेळी रक्तदाब वाढला होता, सिझेरियन करावं लागलं. तिसऱ्या खेपेला जोखीम आहे, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तरी धाकटीच्या पहिल्या वाढदिवसाला सासरच्या एका आजींनी सगळ्यांसमोर विषय काढला. “दोन मुली झाल्या, आता मुलगाच होणार. सगळ्या मुलीच थोड्या होतात?” चार जणींनी माना डोलावल्या. भाची पोळ्या वाढत होती, ती काहीच बोलली नाही.

मी कॅलेंडरचं जुनं पान घेतलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला आठ ओळी लिहिल्या. मुलग्याला ‘गा’, मुलीला ‘गी’. तीन मुलं असतील तर: गागागा, गागागी, गागीगा, गागीगी, गीगागा, गीगागी, गीगीगा, गीगीगी.

आजी हुशार. पान बघून म्हणाल्या, “बाई, तुमचंच गणित सांगतंय ना? आठांतल्या सात ओळींत मुलगा आहे!”

बरोबर आहे. पण ते सात अष्टमांश पहिलं मूल होण्याआधीचे. म्हटलं, “विहीणबाई, आपल्या घरी पहिल्या दोन मुली आहेत. तसं नसलेल्या ओळी खोडा बघू.” त्यांनीच पेन घेऊन सहा ओळी खोडल्या. उरल्या दोनच, गीगीगा आणि गीगीगी. निम्मी शक्यता मुलाची, निम्मी मुलीची. म्हणजे पहिल्या खेपेला होती तेवढीच. आधी काय पडलं हे नाण्याच्या लक्षात राहत नाही, आणि ते कुणाचं देणंही लागत नाही. सलग छापे पडले की काट्याची पाळी येते, असं द’आलांबेरलाही वाटायचं, तेव्हा आजींना काय बोलणार!

“निम्मी तर आहे ना?” आजींनी विचारलं.

“आहे ना. आणि उरलेली निम्मीसुद्धा आहे. ती आली तर तिचं काय करणार, ते आधी ठरवा. आणि हिच्या जिवाची जोखीम या आठ ओळींत कुठेच लिहिलेली नाही, ती वेगळी धरा.”

यावर कुणी काही बोललं नाही. भाचीने ते पान घडी घालून कपाटात ठेवलं आणि पुढच्याच आठवड्यात नवऱ्याबरोबर बसून ‘दोन पुरेत’ असं ठरवलं. निर्णय त्या दोघांचा. माझ्या गणिताने फक्त मध्ये येणारा एक खोटा आधार काढून घेतला.

असो. एक हिशेब मात्र मनातून जात नाही. निसर्गाचं नाणं अगदी समतोल नाही. साधारण शंभर मुलींमागे एकशे पाच मुलगे जन्मतात, म्हणजे हजार मुलग्यांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली. आपल्या महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे २००१ च्या जनगणनेत ९१३ मुली होत्या आणि २०११ मध्ये ८९४. गर्भलिंगनिदानाविरुद्ध राज्याचा कायदा १९८८ चा, देशाचा १९९४ चा, तरीही. एवढा फरक नाण्यामुळे पडत नाही. नाणं हवेत असतानाच कुणीतरी हात घालतं, म्हणून पडतो.

“मोजायचं तर सगळं मोजायचं, सोयीचं तेवढंच नाही,” हे मी वर्गात हजार वेळा म्हटलं असेल. तेव्हा ते गणितापुरतं म्हणत होते. आता नातेवाईक मंडळींनाही म्हणते. पुढच्या वेळी कुणाच्या घरी ‘आता मुलगाच’ असं कानावर आलं, तर वाद घालू नका. कागद घ्या, आठ ओळी लिहा आणि पेन बोलणाऱ्याच्या हातात द्या.