तेल कोण पितो?

दिवाळीत तेल जळते ते उजेडासाठी, आणि त्या जळण्याचे कोणालाच दुःख होत नाही. मोटारीच्या पोटात तेल जळू लागले की मात्र मागून निळा धूर निघतो आणि पुढे बसलेल्या मालकाचा जीव जातो.

गेल्या वर्षी आम्ही जुनी मोटार घेतली. कामरगावच्या मास्तराला ही चैन नव्हती. आईच्या डोळ्यांवर अमरावतीला उपचार चालू आहेत आणि एस.टी.च्या पायऱ्या तिला आता नीट दिसत नाहीत. पैसा माझ्या कादंबऱ्यांचा आणि बायकोच्या बचतगटातला. खरे म्हणजे कादंबऱ्यांचा वाटा चार टायरांपुरताच! विकणाऱ्याने एक वर्षाची लेखी हमी दिली होती.

दोन महिन्यांनी आमच्या मिस्त्रींनी डिपस्टिक पुसून पाहिली आणि म्हणाले, "गुरुजी, गाडी ऑइल खाऊन राह्यली जी."

त्यांनी मला शिकवणीच दिली. थंड गाडी सुरू करताच निळा धूर येऊन ओसरला, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर. गाडीला जोर दिल्यावर येतच राहिला, तर पिस्टनच्या रिंगांवर. रिंगा झिजल्या की तेल वर चढते आणि पेट्रोलबरोबर जळून जाते. आमचा धूर दुसऱ्या जातीचा होता.

विकणाऱ्याच्या कारखान्यातल्या गृहस्थांनी हमीपत्रावर बोट ठेवले : तेल ही खपणारी वस्तू, तिच्यावर हमी नाही. मी म्हटले, "साहेब, 'इंजिन तेल पिते' या वाक्यात तेल हे कर्म आहे. कर्ता इंजिन, आणि इंजिनाचे आतले भाग तुमच्या हमीत आहेत." ते हसून म्हणाले, "जुनी गाडी थोडे पितेच."

त्या 'थोडे' शब्दापाशी घोडे अडले. मग बायकोने बचतगटाची एक कोरी वही काढली. त्यांच्याच समोर तेल खुणेपर्यंत भरले, किलोमीटर लिहून सही घेतली. 1000 किलोमीटर झाल्यावर पुन्हा त्यांच्यापुढेच मोजले. लिटरभर तेल गायब होते. 'थोडे'ला आकडा मिळाला!

वहीची नक्कल जोडून मी रजिस्टर पत्र पाठवले. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यात, म्हणजे आम्हाला वाशिमला, तक्रार करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी पडत नाही, एवढेच त्यात नम्रपणे नमूद केले. पंधरवड्यात बोलावणे आले. रिंगा आणि सील त्यांनी स्वखर्चाने बदलले. नव्या तेलाचे पैसे मात्र आम्ही दिले. ते न्याय्यच होते. तेल ही खपणारी वस्तू!

आमच्याकडे बैलबाजारात दात पाहून सौदा होतो. पुढे बैलाची खोड निघाली तर विकणारा पुढच्या बाजारी भेटतो, म्हणून त्याच्या शब्दाला वजन असते. छापील हमीला पुढचा बाजार नसतो. तिथे आपणच वाचावे, मोजावे आणि लिहून ठेवावे लागते.

परवा अमरावतीहून येताना आईने मागच्या काचेतून पाहिले आणि म्हणाली, "आता धूर नाही दिसत रे बाबू."

डोळ्यांचे औषध लागू पडले की गाडीचे, हे मी विचारले नाही.