बोली आणि साखळी

कबड्डीपटूची भर सभेत बोली लागेल, असे तीस वर्षांपूर्वी कोणी म्हटले असते तर रायगडच्या खेड्यापाड्यांतील जुन्याजाणत्या खेळाडूंनी ते हसण्यावारी नेले असते. त्यांच्या काळी उत्तम चढाईपटूच्या वाट्याला फार तर बँकेतील, रेल्वेतील वा पोलीस दलातील नोकरी येई. 2014 साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि सारे पालटले. पहिल्या लिलावात राकेश कुमारला पाटण्याच्या संघाने 12 लाख 80 हजारांना घेतले, तेव्हा त्याचेच केवढे अप्रूप वाटले होते! 2018 साली बोलीने प्रथमच कोटीचा आकडा ओलांडला. 2023 साली तर तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी 2 कोटी 60 लाख 50 हजार रुपये मोजले.

हा आकडा जरा थांबून पाहण्यासारखा आहे. त्या वर्षी प्रत्येक संघमालकाला सगळे खेळाडू मिळून 5 कोटींचीच मर्यादा होती. म्हणजे अर्ध्याहून अधिक थैली एका माणसावर रिती झाली. आपल्या घरात कोणी महिन्याचा अर्धा पगार एका सरंग्यावर उडवून आला, तर उरलेल्या तीस दिवसांचे कालवण कशाचे, असे गृहिणी विचारल्याशिवाय राहील काय? टायटन्सचे तसेच झाले. पवनने आपल्या परीने गुण मिळवले. पण 22 सामन्यांत संघाला विजय मिळाले अवघे 2, आणि तो तळाला राहिला.

मग पैसा टाकून विजेता संघ उभा करता येत नाही, असे म्हणून मोकळे व्हावे काय? मला ते पटत नाही. त्याच लिलावात पुणेरी पलटणनेही इराणचा डावा कोपरारक्षक मोहम्मदरझा शादलू याच्यासाठी 2 कोटी 35 लाख रुपये दिले होते. फरक होता तो घरच्या तयारीत. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, त्याच्या जोडीला मोहित गोयत, आकाश शिंदे ही पोरे या संघात काही वर्षे एकत्र वाढली होती. डिसेंबर 2022 च्या अंतिम सामन्यात पलटण जयपूरकडून 29–33 अशी हरली होती. उणीव होती ती एका कडीची. ती विकत घेतली, आणि 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत अस्लमच्या नेतृत्वाखाली पलटणने हरियाणा स्टीलर्सना 28–25 असे नमवून विजेतेपद मिळवले.

मौज पुढेच आहे. हरलेल्या हरियाणाने त्याच शादलूला पुढच्या लिलावात 2 कोटी 7 लाखांना आपल्याकडे आणले, आणि 29 डिसेंबर 2024 रोजी, तेही पुण्यातच, पाटण्याला 32–23 असे हरवून अजिंक्यपद पटकावले. एकच माणूस, लागोपाठ दोन छपरे, दोन्हीकडे यश. पण दोन्ही घरांच्या भिंती तो येण्यापूर्वीच उभ्या होत्या, हे विसरता कामा नये.

कबड्डीत साखळी म्हणून एक प्रकार असतो. कोपरारक्षक आणि त्याच्या शेजारचा गडी एकमेकांचा हात धरून चढाईपटूला घेरतात. तो डावीकडे झेपावला की दोघांनी एकाच क्षणी सरकायचे. बोलायला वेळ नसतो. हात कधी घट्ट धरायचा आणि कधी सोडायचा, हे त्या हातालाच कळावे लागते. लिलावात हात विकत मिळतो. हे कळणे मात्र सरावाच्या मैदानावर, महिनोन्महिने घाम गाळूनच येते.

हे सारे आठवण्यास निमित्त घडले ते आमच्या कामोठ्यातच. सिडकोने वसवलेल्या या वसाहतीत मूळ गावठाणातील कुटुंबे सोडली तर जो तो बाहेरून आलेला. रविवारच्या मिस्सेला माझ्या बाकावर वसईचे, मंगळूरचे, केरळचे, गोव्याचे लोक बसतात. शेजारी म्हणून आम्हाला कोणी निवडले नाही. नोकरीने आणि घरांच्या किमतींनी आणून सोडले. साहजिकच ‘बाहेरचा’ हा शब्द आमच्याकडे जपून वापरावा लागतो.

पण गेल्या हिवाळ्यात तो शब्द निघालाच. जवळच्या गावात प्रकाशझोतातील स्पर्धा होती. आमच्या तरुणांनी संघाचे नाव दिले आणि वर्गणी जमवली. तेव्हा एका जाणत्याने सुचवले की, जिंकायचे असेल तर पेणकडचे दोन खेळाडू पैसे देऊन आणावेत. ही रीत आपल्या भागात नवी नाही. कोणी म्हणाले, भाडोत्री माणसांनी मिळवलेला चषक चर्चच्या आवारात कशाला आणायचा? पुष्कळ वाद झाला. अखेर दोघे आले. त्यामुळे दोन वर्षे डावा कोपरा सांभाळणारा आमचा एक मुलगा राखीव बसला. त्याचे वडील वेल्डिंगचे काम करतात. ते मुद्दाम रजा घेऊन सामना पाहायला आले होते.

पाहुण्या चढाईपटूच्या बळावर पहिला सामना सहज जिंकला. दुसऱ्यात मात्र साखळी दोनदा तुटली. पाहुणा कोपरारक्षक पुढे झेपावला, आमचा गडी जागीच राहिला, हात सुटला आणि चढाईपटू दोघांना बाद करून निसटला. आम्ही हरलो.

पाहुण्यांविषयी नंतर बरेच उणेदुणे बोलले गेले. ते मला रुचले नाही. त्या कोपरारक्षकाशी मी बोललो. वय सत्तावीस, गुडघ्याला पट्टा, नोकरी नाही. लीगच्या लिलावाच्या यादीपर्यंत त्याचे नाव कधी पोहोचलेच नव्हते. मला संत मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दाखला आठवला. तो आपण मालकाच्या औदार्यासाठी ऐकतो. पण दिवस कलेपर्यंत बाजारात रिकामे उभे राहणाऱ्यांचे ते तास कसे गेले असतील? लिलावात शेकडो नावे असतात. वर्तमानपत्रांत छापून येतात ती कोटीवाल्यांची. ज्यांच्यावर कोणी बोली लावत नाही, ते गावोगावच्या स्पर्धांत असे फिरत राहतात. पोटासाठी खेळणे हे पाप खासच नव्हे.

आणि तो राखीव बसलेला मुलगा? त्याच्या वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहवत नव्हते. पाहुण्याच्या ते ध्यानी आले असावे. पैसे खिशात घालून तो त्या मुलाकडे गेला आणि त्याचा हात धरून, साखळी सरकताना मागचे पाऊल कुठे टेकवायचे, हे त्याला तीन-चारदा करून दाखवले. मग पिशवी उचलून घाईने निघाला. पनवेलहून पेणची शेवटची एस.टी. त्याला गाठायची होती.