चार तुकडे, तीन सांधे

दुकानात काठी हातात आली की बहुतेक जण ती हवेत दोनदा झटकतात, शेंडा कसा थरथरतो ते बघतात आणि समाधानानं मान डोलवतात. अखंड काठीचंही त्या झटक्यातून फारसं कळत नाही. सुटी करून पाठपिशवीत घालता येणाऱ्या चार तुकड्यांच्या काठीचं तर काहीच कळत नाही. तिचं बरंवाईट तिच्या तीन सांध्यांत असतं, आणि सांध्याची पारख वजनाखेरीज होत नाही.

सध्या माझ्याकडे अशी एक काठी पारखायला आली आहे. सात फुटी, कार्बनची, अमेरिकेतल्या आतेभावानं दिलेली. सुटी केली की एकेक तुकडा सव्वा हाताच्या आसपास भरतो. ती घडवली आहे तिकडच्या बास नावाच्या माशासाठी. आमच्या यावलकडे बास नाही, मरळ आहे. पण पाण्यातली राहणी दोघांचीही एकाच वळणाची. शेवाळाच्या कडेला, बुडालेल्या बाभळीच्या काट्यांत दबा धरून बसायचं आणि डोक्यावरून बेडूक गेला की एका उसळीत गिळायचा. मरळीला वरची हवाही घ्यावी लागते. स्थिर पाण्यात ती श्वासाला वर आल्याचा ‘बुळुक’ असा आवाज ज्याच्या कानाला कळतो, त्याला फेक कुठं टाकायची हे वेगळं सांगावं लागत नाही. गळाला लागली की ती सरळ गाळात आणि मुळांत शिरते. पहिल्या दोन-तीन सेकंदांत तिला तिथून बाहेर ओढणारी काठी हवी. बासच्या काठ्यांत नेमका हाच जोर असतो, म्हणून भारतभरचे मरळवाले त्या वापरतात.

तुकड्यांची काठी हवीच कशाला, असं मला विचारतात. आमचा तालुका उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला तापी यांच्यामधला, आणि मधे सगळी केळी. हिंगोण्याजवळच्या मोर धरणावर जा, नाहीतर शेळगाव बॅरेजनं थोपवलेल्या तापीच्या पाण्यावर, जायचं मोटारसायकलवरूनच आणि शेवटचा रस्ता बागांच्या बांधावरून. सात फुटी काठी आडवी धरली तर पानांत अडकते, उभी धरली तर वर पंपांच्या विजेच्या तारा. कार्बनमधून वीज वाहते. ही गोष्ट काठी विकणारा क्वचितच सांगतो, म्हणून मी भेटेल त्याला सांगतो: जोडलेली कार्बनची काठी घेऊन तारेखालून जाऊ नका आणि आभाळ गडगडायला लागलं की ती खाली ठेवा. सुटी काठी पिशवीत जाते, एसटीत मांडीवर बसते, आणि बागेला पाणी देऊन झाल्यावर उरलेल्या तासाभरात धरणावर पोचते. मला त्या तासाचं मोल फार आहे.

काठीला जोड ही काही परदेशातून आलेली कल्पना नाही. भोई मंडळींतल्या जुन्या माणसांकडे पितळी नळीत बसवलेल्या दोन तुकड्यांच्या बांबूच्या काठ्या मी पाहिल्या आहेत. गळाचा छंद तर आपल्याकडे राजांनीही केला. कल्याणीच्या चालुक्यांपैकी सोमेश्वर तिसरा याच्या 1129 च्या सुमाराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मत्स्यविनोदाचं स्वतंत्र प्रकरण आहे. काठी, दोरी, गळ, आमिष, सगळ्यांची चर्चा त्यात येते. आमच्या सातपुड्यातला मानवेल, भरीव बुंध्याचा बांबू, ही काठीची उत्तम जात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले कारागीर बांबू उभा चिरून त्याच्या सहा पट्ट्या चिकटवून काठ्या करायला लागले, तेव्हा सुरुवातीची अनेक वर्षं त्यांचा बांबू कलकत्त्याच्या बंदरातून जायचा. तो या मानवेलाच्याच जातीचा मानतात. पुढं चीनच्या टोंकिन बांबूनं त्याची जागा घेतली, मग काचतंतू आला आणि 1970 च्या दशकात कार्बन. हे सगळं डोक्यात असलं की पिशवीतून निघणारे चार काळे तुकडे परके वाटत नाहीत.

आता पारख. माझी पद्धत साधी आहे आणि तिला घरामागची चुन्याची भिंत लागते. काठीचा बुडखा बाकाला आडवा आवळायचा, अशा बेतानं की काठी भिंतीला समांतर, चार बोटं अंतरावर राहील. दोरी सगळ्या कड्यांतून ओवून तिच्या टोकाला प्लास्टिकची बाटली टांगायची आणि तिच्यात मापानं पाणी ओतत जायचं. 100 मिलिलिटर म्हणजे 100 ग्रॅम, वेगळा तराजू लागत नाही. रिकाम्या काठीची रेघ कोळशानं भिंतीवर ओढायची, मग 200 ग्रॅमची, मग अर्ध्या किलोची, मग किलोची. पाण्यागणिक काठी लवत जाते आणि भिंतीवर एकाखाली एक कमानी उतरतात.

त्या कमानी वाचायच्या असतात. सांध्यात एका नळीत दुसरी नळी बसलेली असते, म्हणजे तेवढ्या भागात भिंत दुप्पट जाड आणि काठी ताठ. त्यामुळं प्रत्येक सांध्याशी रेघ थोडी सपाट होते, ते टळत नाही. बघायचं ते हे, की सपाटी सांध्याच्या लांबीइतकीच आहे की पुढंमागंही पसरली आहे. पसरली असेल तर कारागिरानं सांध्याच्या बाजूच्या नळ्या सांध्याला जुळवून घेतलेल्या नाहीत. आणि रेघेला कोपर पडलं, एका जागी कमान मोडल्यासारखी वळली, तर तो सांधा सैल आहे. माझ्याकडच्या काठीचा शेंड्याजवळचा सांधा रेघेत शोधावा लागतो, इतका चांगला. बुडख्याचाही बरा. मधला मात्र किलोच्या कमानीत उठून दिसतो. कोपर नाही, पण सपाटी त्याच्या लांबीपेक्षा जास्त.

हे बघायला शेजारचे एक म्हातारे भोई आले होते. आयुष्य तापीच्या पाण्यात गेलेले. त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं, मग काठीवरून, आणि सांध्याच्या तोंडाशी थांबवलं. म्हणाले, “नळी काही मोडत नाही भो, नळीच्या तोंडापाशी बांबू मोडतो. तिथं पाहा.” पितळी नळीवरून त्यांनी बांधलेला हा नियम कार्बनलाही जसाच्या तसा लागू आहे. ताठ भाग संपून लवणारा भाग जिथं सुरू होतो, तिथं सगळा ताण गोळा होतो. म्हणून चांगल्या काठीत सांध्याच्या तोंडावर दोऱ्याचे घट्ट वेढे देऊन वर राळ चढवलेली असते. ते वेढे नसतील तर बाहेरची नळी उभी तडकते. आतल्या नळीला थोडी सैल जागा मिळाली की ती प्रत्येक फेकीला आतून ठोसते, आणि तड तिथून सुरू होते. तो ठोसा डोळ्यांना दिसत नाही. काठी हलकेच लववत सांध्यावर बोटाचं पेर ठेवलं तर ‘टिक’ असं काहीतरी बोटाला कळतं. हे एकदा कळलं की काठी पाण्यावर न्यायची नाही.

पाण्यावरची परीक्षा वेगळी. भिंतीवर काठी फक्त खाली लवते. फेकताना ती पिळलीही जाते. बासच्या या काठीला रीळ आणि कड्या वरच्या बाजूला आहेत, त्यामुळं दोरीला ताण आला की काठी उलटी फिरून कड्या खाली घ्यायला बघते. अखंड काठीत तो पीळ पूर्ण लांबीत मुरतो. तुकड्यांच्या काठीत तो सांधे फिरवतो. तासभर रबरी बेडूक फेकल्यावर शेंड्यावरून डोळा लावून बघा, कड्या एका ओळीत आहेत का. थोड्या सरकल्या असतील तर चालतं. दर पंधरा-वीस फेकींनी ओळ बिघडत असेल तर सांध्याचा गोल नीट घासलेला नाही. मेणबत्तीचं मेण आतल्या तोंडावर अगदी पुसट चोळलं की पकड सुधारते. जोडताना कड्या पाव फेर तिरक्या ठेवून आत ढकलायचं आणि ढकलतच ओळीत आणायचं. सोडवताना दोन्ही हात सांध्याजवळ धरून ओढायचं, कडीला धरून पिळायचं नाही.

आमच्या भागात सांध्याला तीन गोष्टी छळतात आणि त्या काठीबरोबरच्या माहितीपत्रकात नसतात. एक, तापीचा पोयटा. इतका बारीक की बोटाला रेशमासारखा लागतो, पण सांध्यात शिरला की कार्बन घासून काढतो. तुकडा कधीही काठावर टेकवायचा नाही, जोडण्याआधी मलमलीनं पुसायचा. दुसरी, केळीचा चीक. बागेतून हात न धुता काठी जोडली तर तो चीक सांध्यात वाळतो आणि संध्याकाळी तुकडे सुटत नाहीत. तिसरी, ऊन. मे महिन्यात इथं पारा पंचेचाळीसवर जातो. बंद गाडीत ठेवलेल्या काठीच्या कड्यांखालची राळ मऊ पडू शकते. काठी सुटी करून, कापडाच्या पिशवीत, सावलीत.

एकात एक सरकणाऱ्या, छत्रीसारख्या लांब होणाऱ्या काठ्या बाजारात स्वस्त मिळतात. मी त्यांची शिफारस करत नाही. त्यांच्यात प्रत्येक सरकता घेर म्हणजे सांधाच, आणि पोयटा आत ओढून घ्यायची सोयही. दोन तुकड्यांची काठी पारखायला सोपी, पण एसटीत तिची अडचण होते. सहा तुकड्यांत पाच सांधे येतात, म्हणजे पाच सपाट जागा. चार हा आकडा मला पटतो.

काठीचा जोर कळायला मोठा मासाच लागतो असं नाही. मी ताणकाट्यानं रिळाचा ब्रेक दीड-दोन किलोवर बसवतो आणि धरणातल्या बाभळीच्या बुंध्याला दोरी बांधून काठी अर्ध्या कोनात धरून ओढतो. रीळ दोरी सोडू लागेपर्यंत कमान बुडख्यापर्यंत यायला हवी. काठी उभी, अगदी डोक्यावर घेतली तर सगळा भार एकट्या शेंड्यावर येतो आणि चांगल्यातली चांगली काठीही मोडते. मरळ काठीनंच उचलून काठावर टाकायची आपल्याकडची सवय कार्बनला परवडत नाही. हात ओले करून पाण्यात उतरावं, नाहीतर जाळी वापरावी.

आणि परीक्षेचा काळ. होळीपासून मृगापर्यंत धरणं आटत येतात, मरळ कडेला येते, तेव्हा काठी पारखावी. पावसात ती पिलं सांभाळते. तांबूस-नारिंगी पिलांचा थवा पाण्यावर बुडबुडत फिरतो आणि खाली नर-मादी पहारा देत असतात. त्या थव्यात बेडूक टाकला की हमखास झडप येते, आणि नवी काठी दाखवायला लोक नेमकं तेच करतात. त्या झडपेत माशाची भूक नसते, पिलांची राखण असते. ती मरळ काढली तर तिची पिलं चिलापी आणि बगळे दोन दिवसांत संपवतात. असं कुणी माझ्यासमोर केलं तर मी त्याला थांबवतो, ओळख असो नसो. धरणावर गळ टाकायच्या आधी ज्या मच्छीमार संस्थेकडे ठेका आहे तिला विचारावं. तो त्यांच्या पोटाचा धंदा आहे. पाल गावाकडचं यावल अभयारण्य 1969 पासूनचं. तिथल्या पाण्याकडे काठी न्यायचीच नाही.

मधल्या सांध्याचं मी असं ठरवलं आहे. आतल्या नळीवर, सांधा पूर्ण बसल्यावर बाहेरचं तोंड जिथं येतं, तिथं पांढऱ्या पेन्सिलीची बारीक खूण केली आहे. सांधा झिजेल तशी बाहेरची नळी त्या खुणेवरून पुढं सरकेल. आता ती केसभर सरकली आहे, म्हणजे नवी काठी बसते तेवढीच. तोंडावरचे कंपनीचे वेढे मला कमी वाटतात. मृगाआधी ते सोडवून बारीक नायलॉन दोऱ्याचे बोटभर रुंद वेढे देईन, वर राळेचे दोन हात, आणि दोन दिवस सावलीत वाळत ठेवीन. मग पुन्हा बाटली टांगून किलोची कमान नव्यानं काढायची, जुनीच्या शेजारी.