वर्दी कोण ऐकतंय?

येवल्यातल्या पैठणीवाल्यांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. व्यापारी रेशीम-जर तोलून देतो. साडी जमा झाली की विणकराची मजुरी निघते, मालाची बाकी उतरते, दुकानाचा साठा वाढतो. मजुरीच्या दरांनी मला कधी छळलं नाही. बांगडी मोराचा पदर वेगळा, आसावलीचा वेगळा. प्रत्येकाला स्वतंत्र 'स्ट्रॅटेजी', म्हणजे दर काढायची वेगळी रीत, लावली की नव्या डिझाइनसाठी जुन्या ओळींना हात लागत नाही.

छळतो तो 'ऑब्झर्व्हर' हा पॅटर्न, म्हणजे कोडची ठरलेली घडण. साडी जमा झाल्याची वर्दी एकाने द्यायची, ज्याला गरज त्याने ऐकायची. लिहिताना याच्याइतकं देखणं काही नाही. देखभालीत मात्र ओळ वाचून पुढे काय घडणार ते कळत नाही. आधी तोलात आलेली जरीची घट धरली गेली की आधी मजुरी निघाली? तो क्रम कुठे लिहिलेलाच नसतो. कोणाची नोंदणी आधी झाली, त्यावर ठरतो. घट मजुरीतून कापायची असेल, तर विणकराच्या हातात किती पडणार ते या न लिहिलेल्या क्रमावर.

गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडेस यांच्या १९९४च्या पुस्तकातले असे २३ पॅटर्न मुलं मुलाखतीसाठी पाठ करतात. प्रत्येकाचे परिणामही तिथेच दिलेत, ऑब्झर्व्हरखाली अनपेक्षित बदलांचा इशारासुद्धा. तो भाग कुणी उघडत नाही. आणि पुण्याहून येणारे प्रोग्रॅमर तर 'सगळं नव्याने लिहू' म्हणतात! जुन्या कोडमध्ये माणसांशी ठरलेले व्यवहार मुरलेले असतात, ते कोण नव्याने लिहिणार?

हाताखाली आलेली मुलगी विणकराच्या घरची. "काका, घट नक्की कापली कुठे जाते? सापडतच नाही." मी क्षणात दाखवलं आणि सुखावलो. तिला सापडत नाही ते मला सापडतं, याचं सुख मला अजूनही होतं. लुट्झ प्रेशेल्ट आणि सहकाऱ्यांच्या २००२च्या प्रयोगांत, कोडमध्ये पॅटर्नचं नाव टिपेत लिहिलं की देखभालीचं काम लवकर किंवा कमी चुकांनी झालं. ते वाचूनही त्या टिपा लिहायचं मी टाळत आलो.

ती म्हणते, पैशापुरता ऑब्झर्व्हर काढू. घट, बाकी, मजुरी अशा तीन सरळ ओळी एकाखाली एक. साठ्याला वर्दी राहू दे. तिचं बरोबर आहे. माझाच हात जड होतो, कारण ती रचना माझी आहे आणि मला आवडते. सध्या जुने हिशेब दोन्ही वाटांनी चालवून ताळा पाहतोय. जमला की तिच्या ओळी चढवू.