साडेसहा की सात?

एक्स्चेंज सेमिस्टरला स्वीडनमध्ये होतो. घरमालक आजोबा सत्तरीचे, खांद्याचं ऑपरेशन झालेलं, पण शरद ऋतू आला की मूसच्या (घोड्याएवढं सांबर समजा!) शिकारीला जाणारच. घरात कमी धक्क्याच्या दोन रायफली : ६.५×५५ आणि वडिलांची ७×५७. रिग्बी कंपनीने या दुसऱ्या काडतुसाला .२७५ असं नाव दिलं होतं. जिम कॉर्बेटकडे त्याचीच रायफल होती. त्यामुळे माझं मत अर्थातच सातला!

"इंजिनिअर ना तू? काढ हिशेब. चुकलास तर आज भांडी तुझी."

गोळीचं वस्तुमान गुणिले वेग. साडेसहाची गोळी १०.१ ग्रॅम, वेग सेकंदाला सुमारे ७८० मीटर, म्हणजे ७.९. सातची ११.२ ग्रॅम, ७५० मीटर, म्हणजे ८.४. फरक जेमतेम ६ टक्के. मूससाठी १० ग्रॅमच्या गोळीत १०० मीटरवर २००० ज्यूल हवेत, हा तिथला नियमही दोन्ही पाळतात. "सात घ्या," मी छातीठोक सांगितलं.

रेंजवर त्यांनी मला काडतुसांत गुपचूप एकेक डमी मिसळायला लावली. सातचा ट्रिगर ओढला, बार उडालाच नाही, पण नळी खाली झुकली. खांदा आधीच घाबरला होता. साडेसहाच्या डमीला नळी हललीसुद्धा नाही.

घरी येऊन वजनकाटा काढला. साडेसहा ४ किलो, सात फक्त ३! धक्क्याची ऊर्जा म्हणजे संवेगाचा वर्ग भागिले रायफलच्या वजनाची दुप्पट. सातची जवळजवळ दीडपट भरली. मी छेदच विसरलो होतो.

"नळी झुकली की मूस जखमी होऊन पळतो," आजोबा म्हणाले आणि वडिलांची रायफल कपाटात ठेवून दिली.

भांडी मी घासली.