पोलादाच्या गावातून, तंबू टपावर घेऊन!

भिलाईचे नाव निघाले की आठवतो तो पोलाद कारखाना. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत रशिया यांच्यात करार झाला आणि चारच वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तेथल्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. विदर्भातली कितीतरी कुटुंबे नोकरीच्या निमित्ताने तिथे गेली आणि तिथलीच झाली. तसा हा मुलूख मराठी माणसाला परका नव्हताच. आधी नागपूरकर भोसल्यांचा अंमल, आणि पुढे १९५६ पर्यंत राजधानीही नागपूरच!

कारखान्याच्या आखीव सेक्टरांपासून दूर, ग्रेट ईस्टर्न रोडच्या उत्तरेला जुनवानी आहे. एकेकाळचे हे खेडे आता भिलाईत मिसळून गेले आहे. अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालये, मॉल, नव्या वसाहती आणि घरापुढे उभ्या असलेल्या मोटारी, असे आजचे त्याचे रूप. इथून गाडी बाहेर काढली की तीन वाटा खुणावतात. पश्चिमेची राजनांदगावावरून नागपूरला जाते, सुमारे अडीचशे किलोमीटर. उत्तरेची कवर्ध्याकडे, अकराव्या शतकातल्या भोरमदेव मंदिराकडे आणि पुढे मैकल पर्वतातल्या चिल्फी घाटाकडे वळते. दक्षिणेची धमतरी, कांकेर, केशकाल करीत बस्तरमध्ये उतरते आणि जगदलपूरजवळ इंद्रावतीच्या चित्रकोट धबधब्यापाशी नेऊन सोडते. हीच इंद्रावती पुढे गडचिरोलीच्या सीमेवरून वाहत जाऊन गोदावरीला मिळते.

अशा वाटांवर मुक्कामाची सोय मनासारखी मिळेलच असे नाही. म्हणूनच मोटारीच्या टपावर उघडणाऱ्या तंबूचे आकर्षण वाढते आहे. ही कल्पना नवी नाही. इटलीत १९५० च्या दशकातच असे तंबू निघाले होते, आणि पूर्व जर्मनीत चिमुकल्या ट्रॅबंट मोटारीच्या टपावरही लोक सहकुटुंब झोपत असत. जमिनीवरचा चिखल, विंचू-किरडू आणि खडे यांच्यापासून सुटका, हा त्याचा मोठा फायदा. पण तंबू विकत घेण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो. तो ठेवायचा कशावर?

बेरीज नव्हे, वजाबाकी

अॅम्बेसेडरच्या जमान्यात हा प्रश्न कोणी विचारत नसे. टपाच्या कडेच्या पन्हळीला कॅरिअर आवळले, वर ट्रंका आणि होल्डॉल रचले, दोरी बांधली की गाडी दिवाळीला नागपूरच्या वाटेला लागे. आजच्या मोटारींचे टप पातळ पत्र्याचे असतात आणि कित्येकांना पन्हळच नसते. चालत्या गाडीच्या टपावर किती वजन चालेल, हा आकडा बहुधा गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत छापलेला असतो. पाहायचा तो आकडा सर्वांत आधी.

समजा, तो ७५ किलो आहे. दोघांचा साधा कापडी तंबू गादीसकट ५०-५५ किलोचा असतो. टणक कवचाचा तंबू ६० ते ८० किलोंपर्यंत जातो. आता कॅरिअरचे वजन धरा. ते ३५ किलोचे असेल तर तंबूसाठी उरले ४० किलो, म्हणजे कापडी तंबूही बसत नाही! तेच दोन आडव्या दांड्यांचे साधे कॅरिअर सात-आठ किलोंचे असेल, तर ६७ किलो उरतात आणि तंबू निर्धास्त बसतो. कॅरिअरची निवड म्हणजे ही अशी वजाबाकी आहे.

मग रात्री आत झोपणाऱ्यांचे वजन? गाडी उभी असताना टप चालत्या गाडीपेक्षा बराच जास्त भार पेलतो, कारण तेव्हा खड्डे, ब्रेक आणि वळणे यांचे धक्के नसतात. शिवाय शिडीही थोडा भार जमिनीवर टाकते. तरीही कॅरिअर बनवणाऱ्याने चालत्या आणि उभ्या गाडीसाठी वेगवेगळे आकडे दिले आहेत की नाहीत, हे विचारून घ्यावे. गाडी, कॅरिअर आणि त्याचे पाय, या तिघांत ज्याचा आकडा सर्वांत लहान, तोच खरा.

पोलाद की अॅल्युमिनियम?

भिलाईत वेल्डिंगवाल्यांना काय तोटा! लोखंडी पाइप आणून दोन दिवसांत दणकट कॅरिअर करून देणारा कारागीर सहज मिळतो, आणि पोलादावर पोसलेल्या गावाचा पोलादावर विश्वासही मोठा. पण टपावर दणकटपणाची किंमत किलोत मोजावी लागते. एका घनसेंटिमीटर पोलादाचे वजन ७.८५ ग्रॅम, तर अॅल्युमिनियमचे अवघे २.७ ग्रॅम. अॅल्युमिनियम तेवढे ताठ नसते, म्हणून त्याची दांडी जाड घ्यावी लागते, तरी एकूण वजन बरेच कमी भरते. योगायोग असा, की ज्या राज्यात भिलाई आहे, त्याच छत्तीसगडमध्ये कोरब्याला अॅल्युमिनियमचा कारखानाही आहे. १९६५ साली स्थापन झालेल्या भारत अॅल्युमिनियम कंपनीचा तो.

अर्थात लोखंडी कॅरिअर टाकाऊ नव्हे. गाडीचा टप भक्कम असेल, आकडा मोठा असेल, तर ते चालते. अॅल्युमिनियमलाही मर्यादा आहेत. सततच्या हादऱ्यांनी त्याच्या जोडाला भेग पडू शकते, आणि पावसाळ्यात त्याला साधे लोखंडी बोल्ट लागून राहिले तर तो धातू खातो. म्हणून बोल्ट स्टेनलेस स्टीलचे आणि मध्ये नायलॉनचे वॉशर घालावेत.

गाडी कोणती, कॅरिअर कोणते

जिप्सी, जिम्नी यांसारख्या पन्हळ असलेल्या गाड्यांना पन्हळीत आवळणारे पाय बसतात. टपावर दोन लांब कठडे असतील, तर आडव्या दांड्या त्यांना आवळता येतात. मात्र काही गाड्यांचे कठडे नुसते शोभेचे असतात. हाताने हलवून पाहणे ही काही परीक्षा नव्हे, पुस्तिकाच पाहावी. टप अगदी गुळगुळीत असेल तर दाराच्या चौकटीत अडकणारे पाय लागतात, आणि ते त्याच गाडीसाठी बनवलेले हवेत. मोठी काच असलेल्या टपावर कंपनीची परवानगी असल्याशिवाय तंबू ठेवूच नये.

बाजारात टोपलीसारखी उंच कडांची कॅरिअर ऐटबाज दिसतात. सामानाला ती छान, पण तंबूला त्या कडा आडव्या येतात. तंबूला हव्यात सपाट दांड्या, आणि दोन दांड्यांमधले अंतर तंबूवाल्याने सांगितले असेल तेवढेच. घरून निघण्यापूर्वी अंगणात तंबू एकदा उघडून पाहावा. शिडी कोणत्या बाजूला येते, मागचे दार उघडते का, ते तिथेच कळते. मॉलच्या तळघरात शिरतानाही उंची लक्षात ठेवावी!

घाट सांगतो ती परीक्षा

नागपूरच्या सरळ हमरस्त्यावर परीक्षा घेतो तो वारा. वेग ५० वरून १०० वर नेला की वाऱ्याचा रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो. इंधन जास्त जाते, आणि सैल बोल्टची खडखड ऐकू येऊ लागते. केशकालच्या बारा वळणांवर परीक्षा वेगळी. टपावरच्या वजनामुळे गाडीचा तोल वर सरकतो आणि वळणावर ती बाहेर झुकू पाहते. तिथे वेग कमी करण्याला पर्याय नाही. चिल्फी घाटाच्या उतारावर ब्रेक दाबला की ६० किलोंचा तंबू पुढे धावू पाहतो. त्याला थोपवतात ते चार पाय आणि मूठभर बोल्ट. म्हणून पहिल्या ५० किलोमीटरनंतर थांबून सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत, आणि पुढे रोज सकाळी हात लावून पाहावेत. ज्या गाडीखाली मुले खेळतात आणि जिच्या मागून दुचाकीस्वार येतात, तिच्या टपावरची ही जबाबदारी आहे.

दोन गोष्टी कागदपत्रांच्या. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही. टपाला भोके पाडून कॅरिअर पक्के जोडण्याचा बेत असेल, तर आधी आर.टी.ओ. कार्यालयात विचारावे, आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे. काढता-घालता येणारे कॅरिअर त्या मानाने सोयीचे.

आणि एक रानाची. टपावर झोपले म्हणजे जनावरांपासून सुटका, हा समज खोटा आहे. कांकेरच्या बाजूला अस्वले आहेत, आणि अस्वलाला चढता येते. हत्तीला तर चढावेही लागत नाही. तेव्हा मुक्काम रानात न करता वनखात्याने किंवा पर्यटन मंडळाने नेमून दिलेल्या जागी करावा. धरणाच्या कोरड्या पात्रात किंवा एकट्या झाडाखाली तर नकोच.

एवढे पाहून निघालेल्या कुटुंबाला चित्रकोटच्या वाटेवर उजाडताना टपावरून जे दिसते, ते हॉटेलच्या खिडकीतून दिसत नाही. भाताची खाचरे, मोहाची झाडे आणि धुक्यातून पुढे जाणारा रस्ता. खाली गाडी मात्र हलता कामा नये, आणि ती व्यवस्था जुनवानीतच करून निघायला हवी.