विजयंता कुणाचा?

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. आमच्या आष्ट्यातल्या घराच्या सोप्यात चार पोरं मोबाईल आणि एक जुना लॅपटॉप घेऊन बसली होती. आधी हळू, मग मोठ्यानं, मग एकदम भांडणाचाच आवाज. मला वाटलं क्रिकेट असणार. बाहेर येऊन बघतो तर विषय रणगाड्याचा!

पुतण्या तावातावानं म्हणाला, "काका, तुम्हीच सांगा. विजयंता भारताचा का ब्रिटनचा? ह्यात ब्रिटनच्या झेंड्याखाली ठेवलाय."

'वॉर थंडर' नावाचा गेम आहे. त्यात प्रत्येक देशाचं एक झाड असतं आणि खेळत खेळत त्या झाडावरचे एकेक रणगाडे मिळवायचे असतात. भारताचं वेगळं झाड नाही. त्यामुळं आपला विजयंता ब्रिटनच्या झाडावर, आणि गंमत म्हणजे टी-९० भीष्म पण तिथंच. मूळ रचना रशियाची, जोडणी तमिळनाडूत आवडीला, वापर आपल्या लष्कराचा आणि फांदी इंग्रजांची. ज्या देशांची झाडं वेगळी नाहीत त्यांची वाहनं कुठंतरी बसवावी लागतात, म्हणून फिनलंडची स्वीडनकडं आहेत, हंगेरीची इटलीकडं. गेम बनवणाऱ्यांची सोय म्हणून ते समजतं. पण चौदा वर्षांच्या पोराला ते समजावून सांगताना मला जड गेलं. "१९४७ ला गेलेला इंग्रज परत आला की," म्हणून एकजण हसला आणि भांडण आणखी पेटलं.

पोरांचे तीन पक्ष पडले होते. एक म्हणत होता, ज्यानं डिझाईन केलं त्याचा. दुसरा, ज्यानं बनवला त्याचा. माझा पुतण्या, ज्यानं लढवला त्याचा. मी मोठेपणानं निकाल द्यायला गेलो आणि अडकलो. कारण तिघांचंही थोडं थोडं बरोबर होतं.

विजयंताचंच घ्या. ब्रिटनच्या विकर्स कंपनीशी १९६१ साली करार झाला. रचना त्यांची, इंजिन लेलँडचं. आवडीच्या कारखान्यातून पहिला रणगाडा १९६५ साली बाहेर पडला तेव्हा त्यातले बरेच भाग तिकडूनच आलेले होते. मग हळूहळू इथं बनणाऱ्या भागांचं प्रमाण वाढत गेलं आणि पुढच्या वीसेक वर्षांत दोन हजारांच्या वर विजयंता तयार झाले. आता पहिला रणगाडा इंग्रजांचा म्हणायचा आणि शेवटचा आपला? मग मधल्या कितव्या रणगाड्यापासून तो आपला झाला?

भीष्मचं पण तसंच. २००१ च्या करारात ३१० रणगाडे होते. १२४ तयार आले, १८६ इथं जोडायचे होते. पूर्ण आवडीत बांधलेले पहिले भीष्म लष्कराला मिळाले २००९ साली. नाव महाभारतातलं ठेवलं म्हणून काम एका रात्रीत आपलं झालं नाही, आठ वर्षं गेली.

मग मी पोरांना १९६५ ची असल उत्तरची लढाई सांगितली. पंजाबात खेमकरणजवळ. पाकिस्तानकडं अमेरिकेचे पॅटन. आपल्याकडं डेक्कन हॉर्सचे शर्मन, ते पण अमेरिकेचेच, आणि आधीच्या पिढीतले. तिसऱ्या कॅव्हलरीचे सेंच्युरियन ब्रिटनचे. आठव्या कॅव्हलरीचे एएमएक्स फ्रान्सचे. कंपनीच्या पाटीवर गेलं तर ती लढाई अमेरिका विरुद्ध अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स अशी म्हणावी लागेल! आपल्या लोकांनी कालव्याचं पाणी रानात सोडलं, पॅटन चिखलात रुतले. आणि आपले रणगाडे दबा धरून बसले होते कुठं? उभ्या उसात.

हे ऐकल्यावर पोरं एकदम गप्प झाली. उसाचा फड काय असतो, आत शिरलेला माणूस चार हातांवरनं कसा दिसत नाही, हे आष्ट्याच्या पोराला वेगळं सांगावं लागत नाही.

भारताच्या मोजणीप्रमाणं त्या लढाईत पाकिस्तानचे ९७ रणगाडे निकामी झाले किंवा हाती लागले. भिखीविंडजवळ ते ओळीनं लावले, त्या जागेला लोक पॅटन नगरच म्हणायला लागले. अब्दुल हमीदांनी जीपवरच्या ज्या तोफेनं पॅटन फोडले, ती तोफ आणि ती जीप दोन्हींची मूळ रचना अमेरिकन. पण परमवीर चक्र कुणाला मिळालं? गाझीपूरच्या शिंप्याच्या पोराला.

दोन वर्षांपूर्वी मी ह्याच पोरांना घेऊन नगरला (आता अहिल्यानगर) रणगाड्यांचं संग्रहालय बघायला गेलो होतो. १९९४ पासून ते आहे. ज्यांनी बघितलं नसेल त्यांनी पोरांना घेऊन जरूर जावं. तिथं जप्त केलेला पॅटन उभा आहे. आम्ही सगळे त्याला 'पाकिस्तानचा पॅटन' म्हणत होतो. अमेरिकेनं बनवला, पण कुणी 'अमेरिकेकडून जिंकलेला' म्हणालं नाही. आणि १९७१ च्या १६ डिसेंबरला बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे एकवीस वर्षांचे अरुण खेत्रपाल ज्या सेंच्युरियनमध्ये होते, तो पण नगरलाच आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवलाय. त्याचं नाव 'फॅमागुस्ता', सायप्रसमधल्या एका बंदराचं. रणगाडा पेटला तेव्हा बाहेर पडायचा हुकूम आला. तोफ अजून चालतेय, मी सोडणार नाही, असं त्यांनी वायरलेसवर कळवलं. लोखंड इंग्रजी, नाव सायप्रसचं, रेजिमेंट पुण्याच्या नावाची, आणि खेत्रपाल जन्मले ते पण पुण्यातच. त्या रणगाड्यावर ब्रिटनचा झेंडा लावून दाखवा बरं कुणी.

मी पुतण्याला म्हटलं, "तू जिंकलास. ज्यानं लढवला त्याचा."

माझा निकाल झाला होता. पण आमचे आबा, म्हणजे माझे चुलते, आतल्या खोलीतनं सगळं ऐकत होते. आबा लष्करात ईएमईमध्ये होते. रणगाडे दुरुस्त करणाऱ्यांत. विजयंताचं इंजिन त्यांनी हातानं खोललेलं. काठी टेकत बाहेर आले आणि म्हणाले,

"आरं, लढवनारा चढायच्या आधी त्यो चालू व्हाय लागतो. लई तापायचं ते इंजिन. आमी रात रात बसून खोलायचो. एकांदा भाग नसला की रनगाडा हुबा. मग त्यो कुनाचा रं? कुनाचाच न्हाय. नुसतं लोखंड."

एक पोरगा म्हणाला, "आबा, पण झेंडा तर आपलाच असतो की त्याच्यावर."

"झेंड्यानं इंजिन सुरू हुतं व्हय लेका?"

मला एकदम आमच्या शेजारच्या दोघा भावांचं ऊसतोडणीचं मशीन आठवलं. परदेशी बनावटीचं, किंमत कोटीच्या घरातली, कर्ज काढून घेतलेलं. ऐन हंगामात हायड्रॉलिक पंप गेला. भाग इथं मिळेना, बाहेरून यायचा म्हणाले. अकरा दिवस मशीन फडाच्या कडंला उभं. इकडं ऊस वाळतोय, टोळी मिळत नाही, हप्ता थांबत नाही. आरसी बुकावर नाव त्यांचंच होतं, टपावर भगवा झेंडा पण होता. त्या अकरा दिवसांत ते मशीन खरंच त्यांचं होतं का? थोरला भाऊ मला म्हणाला होता, "आमचं म्हनून घेतलं, पर किल्ली दुसऱ्याच्याच खिशात हाय."

म्हणून आज हे लिहितोय. आपल्याकडं एखादं शस्त्र 'स्वदेशी' म्हणून जाहीर झालं की दोन गट पडतात. एक छाती फुगवतो, दुसरा 'नुसतं जोडलंय' म्हणून टिंगल करतो. दोघंही झेंड्यावर भांडतात, आबांच्या प्रश्नाकडं कुणी जात नाही. अर्जुन रणगाड्याचं उदाहरण बघा. प्रकल्प १९७४ साली मंजूर झाला. रचना आपली, तोफ आपल्या पुण्याच्या एआरडीई संस्थेनं तयार केलेली, पण इंजिन जर्मन. २०२१ साली सुधारित ११८ अर्जुनची ऑर्डर निघाली आणि इंजिनाच्या पुरवठ्याची अडचण आडवी आली. तोफ पुण्याची असून रणगाडा जर्मनीच्या कारखान्याकडं तोंड करून बसला. विजयंता मूळचा इंग्रजांचा असून दोन हजारांच्या वर आपण बांधला आणि कित्येक वर्षं चालता ठेवला. आता ह्या दोघांत जास्त आपला कुठला? मला सोपं उत्तर देता येत नाही.

इथनं जवळच किर्लोस्करवाडी आहे. १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर उभी राहिली. लोखंडी नांगर हा काही सांगली-साताऱ्याचा शोध नव्हता. तो बाहेरून बघून घेतलेला. पण तो इथं ओतला गेला, इथल्या मातीत चालवून बघितला, मोडला तर इथंच नवीन फाळ मिळाला. आज त्या नांगराला कुणी परदेशी म्हणत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी बातमीत 'स्वदेशी' किंवा 'विदेशी' शब्द आला की लगेच झेंडा शोधू नका. तीन प्रश्न विचारा. इंजिन कुठलं? मोडलेला भाग किती दिवसांत मिळतो? आणि करार संपल्यावर, किंवा समोरच्यानं हात वर केल्यावर, आपण ते स्वतः बनवू शकतो का? हे प्रश्न दिल्लीलाच विचारायचे असं नाही. आपल्या तालुक्याच्या आयटीआयमधल्या फिटर-टर्नरच्या पोरांना चालू स्थितीतली मशीनं मिळतात का, हा पण त्याच प्रश्नाचा भाग आहे.

पोरांचं भांडण शेवटी मिटलं नाहीच. पुतण्या अजून म्हणतो भारताचं वेगळं झाड पाहिजे. मलाही वाटतं, पाहिजे. पण त्या संध्याकाळी एक वेगळी गोष्ट घडली. पोरं लॅपटॉप मिटून आबांच्या खाटेभोवती बसली आणि विजयंताचं इंजिन बाहेर कसं काढायचं ते ऐकत राहिली. आबा हातानं हवेत नट फिरवून दाखवत होते.

तुमच्या घरात, भावकीत कुणी रणगाड्यावर किंवा वर्कशॉपमध्ये नोकरी केली असेल तर त्यांना विचारा आणि खाली लिहा. ही माणसं आता थोडी उरली आहेत.